रक्तातला बुडबुडा कसा ओळखतात?

गेल्या वर्षीची गोष्ट. प्रयोगशाळेतला तास संपला आणि बारावीतली एक विद्यार्थिनी मागे रेंगाळली. ती रोज मुरबाडच्या पुढच्या एका गावाहून एस. टी.ने येत असे. तिच्या हातात एक छापील कागद होता. शहापूर तालुक्यात राहणाऱ्या तिच्या मावशीच्या गळ्यातील गाठ मुंबईच्या एका रुग्णालयात दुर्बिणीने काढायचे ठरले होते. शस्त्रक्रियेपूर्वी ज्या कागदावर सही द्यावी लागते, तो कागद मावशीने ‘वाचून सांग गं’ म्हणून भाचीच्या हवाली केला होता. संभाव्य धोक्यांच्या यादीत रक्तस्राव होता, आवाज बसण्याची शक्यता होती. तेवढे तिला समजले. पुढच्या एका ओळीवर मात्र तिचे बोट थांबले होते : ‘गॅस एम्बोलिझम – अत्यंत क्वचित’.

“सर, गॅस रक्तात गेला तर काय होतं? आणि गेला हे डॉक्टरांना कळणार कसं? मावशी तर झोपलेली असणार.”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी चटकन देऊन टाकले, आणि ते अर्धवट होते हे मला नंतर कळले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा येत नव्हते. वैद्यक हा काही माझा विषय नव्हे. दोन-तीन आठवडे पुस्तके चाळली, एका भूलतज्ज्ञ स्नेह्याला बरेच छळले, आणि मग ध्यानात आले की या उत्तराचा मोठा भाग अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातच आहे. दाब, द्राव्यता, पृष्ठताण, अवरक्त किरण – सगळी ओळखीची मंडळी! म्हणूनच हा लेख.

गळ्यात गॅस कशासाठी?

आपल्या गळ्यात, श्वासनलिकेच्या समोर, फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला अवटू ग्रंथी किंवा थायरॉईड म्हणतात. ती वाढली की गलगंड होतो. अन्नात आयोडीन कमी पडणे हे त्याचे एक प्रसिद्ध कारण आहे, आणि आपण आयोडीनयुक्त मीठ खातो ते त्यासाठीच. पण आयोडीन पुरेसे मिळूनही या ग्रंथीत गाठी होऊ शकतात, आणि त्यांतील काही काढाव्या लागतात. ही ग्रंथी रक्ताने इतकी समृद्ध आहे की एकोणिसाव्या शतकात तिच्यावर सुरी चालवायला भलेभले शल्यविशारद धजत नसत. स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनी ही शस्त्रक्रिया सुरक्षित करून दाखवली. या ग्रंथीवरील कामासाठी त्यांना १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

कोखर यांची शस्त्रक्रिया गळ्यावर आडवा छेद घेऊन होत असे, आणि आजही बहुतेक ठिकाणी तशीच होते. तिचा व्रण गळ्यावर राहतो. पोटाच्या शस्त्रक्रिया लहान छिद्रांतून होऊ लागल्यावर गळ्याचे काय, हा प्रश्न साहजिकच पुढे आला. (मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी १९९० साली भारतातील पहिली दुर्बिणीची पित्ताशय-शस्त्रक्रिया केली.) अमेरिकेत मिशेल गान्ये यांनी अवटू ग्रंथीच्या शेजारच्या लहान ग्रंथींवर केलेली पहिली दुर्बीण-शस्त्रक्रिया १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी इटलीतील शल्यविशारदांनी अवटू ग्रंथीचा एक खंड असा काढल्याचे वृत्त दिले. पुण्याचे डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये आपली पद्धत सविस्तर लिहून प्रसिद्ध केली. थायलंडचे अंगकून अनुवाँग यांनी तर खालच्या ओठाच्या आतून तीन छिद्रे घेऊन ग्रंथी काढायला सुरुवात केली. २०१६ साली त्यांनी ६० रुग्णांवरील अनुभव मांडला. गळ्यावर ओरखडासुद्धा नाही!

‘दुर्बीण’ हा शब्द इथे रूढ झाला असला तरी मला तो नेहमी खटकतो. दुर्बीण दूरचे दाखवते, ही नळी हातभर अंतरावरचे दाखवते. असो.

आता अडचण पाहा. पोट ही निदान एक पोकळी तरी आहे. गळ्यात कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये पोकळी अशी नसतेच. तेथे जागा करावी लागते. ती जागा उघडी राहावी म्हणून बारीक नळीने कार्बन डायऑक्साइड वायू दाबाने सोडतात. तंबूत खांब नसेल तर आतून हवा भरून तंबू उभा ठेवावा, तसा हा प्रकार आहे.

आठ सेंटिमीटर पाणी

हा दाब किती असतो? पोटाच्या शस्त्रक्रियेत साधारण १२ ते १५ मि.मी. पारा, गळ्यात त्याच्या निम्मा, म्हणजे ६ मि.मी.च्या आसपास. गान्ये यांच्या त्या पहिल्या रुग्णाच्या कातडीखाली गॅस दूरवर पसरला होता. तेव्हापासून गळ्यात दाब कमी ठेवण्याकडे कटाक्ष असतो.

६ मि.मी. पारा म्हणजे किती हे हाताला कळले पाहिजे. पाऱ्याची घनता पाण्याच्या १३.६ पट, म्हणून ६ × १३.६ = ८१.६ मि.मी., सुमारे आठ सेंटिमीटर पाणी. पेल्यात पाणी घ्या, शीतपेयाची नळी आठ सेंटिमीटर बुडवा आणि हळूच फुंकर घाला. पहिला बुडबुडा ज्या क्षणी बाहेर पडतो, त्या क्षणी तुमच्या तोंडातला जादा दाब तेवढा आहे. पोराच्या फुंकरीएवढा हा दाब! एवढ्याने काय बिघडणार, असे वाटेल. पण समोर कोण आहे ते पाहा.

समोर आहेत गळ्यातील नीला, म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या वाहिन्या. हृदयाच्या तोंडाशी नीलांतला दाब जेमतेम ५ मि.मी. पारा धरू. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून रुग्णाचे डोके थोडे उंच ठेवलेले असते. समजा गळा हृदयापेक्षा ८ सें.मी. उंच आहे. मग गळ्यातल्या नीलेत दाब सुमारे ६ मि.मी.ने कमी, म्हणजे ५ – ६ = उणे १. वातावरणापेक्षाही कमी! आणि बाहेर गॅस आहे अधिक ६ वर. अशा वेळी नीलेला बारीक भोक पडले तर रक्त बाहेर येण्याऐवजी गॅस आत जातो.

या गोष्टीवर मी बराच वेळ थांबलो. आपण समजतो की कापलेली रक्तवाहिनी म्हणजे रक्त. एरवी रक्त हीच धोक्याची खूण असते आणि शल्यविशारदाचा डोळा तिच्यावरच असतो. इथे मात्र जी नीला फुटली ती रक्तच गाळत नाही. पडद्यावर सगळे स्वच्छ, कोरडे दिसते आणि गॅस गुपचूप आत जात राहतो. जिभेखाली, हनुवटीच्या मागे वाट करताना गळ्याच्या दर्शनी भागातील नीलेला इजा होऊन असे प्रकार घडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

गॅसचा दाब नसतानाही हे घडू शकते. १८१८ साली पॅरिसमध्ये एका तरुण कुलुपे बनवणाऱ्या कारागिराच्या खांद्याजवळची गाठ काढताना नीला कापली गेली. श्वासाबरोबर तिने हवा आत ओढून घेतली आणि तो दगावला. ही हकीकत पुढे शरीरक्रियाशास्त्रज्ञ माझाँदी यांनी प्रसिद्ध केली. वायूने रक्तवाहिनीत पाचर मारण्याच्या या प्रकाराला मराठीत ‘वायु-अंतर्कीलन’ असे नाव आहे. कील म्हणजे खुंटी. शब्द जड आहे खरा, पण सुताराच्या मुलाला तो लगेच कळेल.

हवा आणि कार्बन डायऑक्साइड

मग गॅसच का? आणि हाच गॅस का? ऑक्सिजन चालणार नाही, कारण आत विजेच्या उपकरणाने ऊती जाळून रक्त थांबवतात. ऑक्सिजनमध्ये ते काम म्हणजे आगीला निमंत्रण. साधी हवा स्वस्त आणि फुकट. पण हवेत चार-पंचमांश नायट्रोजन, आणि तो रक्तात जवळजवळ विरघळतच नाही.

शरीराच्या तापमानाला एक लिटर पाण्यात एका वातावरण दाबाखाली नायट्रोजन विरघळतो जेमतेम १२ मिलिलिटर. कार्बन डायऑक्साइड? अर्ध्या लिटरहून अधिक! चाळीसपटीहून जास्त. रक्तात तर त्याची आणखी सोय आहे, कारण तो बायकार्बोनेट होऊन आणि हिमोग्लोबिनला चिकटूनही प्रवास करतो. कुत्र्यांवरील प्रयोगांत जेवढ्या हवेने मृत्यू ओढवला, त्याच्या सुमारे पाचपट कार्बन डायऑक्साइड त्यासाठी लागला.

हे वर्गात करून पाहता येते. सुई नसलेल्या, नव्या, २० मिलिलिटरच्या दोन पिचकाऱ्या घ्या. उंच ग्लासात खायचा सोडा टाकून त्यावर लिंबाचा रस पिळा. फेस बसला की ग्लासात जड कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. पिचकारीचे टोक द्रवाच्या थोडे वर धरून १० मिलिलिटर वायू ओढा आणि मग १० मिलिलिटर पाणी ओढा. दुसऱ्या पिचकारीत १० मिलिलिटर साधी हवा आणि १० मिलिलिटर पाणी. टोकांवर बोट दाबून दोन्ही मिनिटभर जोराने हलवा. पहिलीचा दट्ट्या काही मिलिलिटर आत सरकतो. दुसरीचा हलतही नाही. वायू थोडा हवामिश्रित आला तर परिणाम कमी दिसेल, पण दिसेल.

२०१४ साली ओडिशाच्या अंगुल जिल्ह्यातील एका शिबिरात स्त्रियांच्या दुर्बीण-शस्त्रक्रियांसाठी सायकलच्या पंपाने पोटात हवा भरल्याची बातमी देशभर गाजली होती. वर्तमानपत्रांनी अस्वच्छतेवर लिहिले, ते योग्यच होते. पण या दोन पिचकाऱ्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला दुसरी चूकही दिसेल.

माझे अर्धवट उत्तर

त्या दिवशी मी विद्यार्थिनीला सांगितले होते, “अगं, नदीवरचा पंप हवा धरतो ना, तसं.” मुरबाड-शहापूरकडे भेंडी-काकडी करणाऱ्या घरातील मुलांना हे सांगावे लागत नाही. काळू किंवा भातसा नदीवर इंजिन लावलेले असते. फूटव्हॉल्व्ह (आपल्याकडे काही जण त्याला सरळ ‘फुटबॉल’ म्हणतात) गळका निघाला की पंपात हवा शिरते. इंजिन धडधडत राहते, पाणी मात्र येत नाही. मग पंपात वरून पाणी ओतून तो पुन्हा भरावा लागतो.

हा दाखला मी तासालाही दिला, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “सर, हृदय तसलं नसतं. ते दाबतं. हे गाडीच्या ब्रेकसारखं आहे.” त्याच्या वडिलांचे महामार्गालगत गॅरेज आहे. मुलाचे म्हणणे बरोबर होते. नदीवरचा पंप पाणी गरगर फिरवून फेकतो. हवा पाण्याच्या सुमारे आठशे पट हलकी, म्हणून ती फेकली तरी ओढ निर्माण होत नाही. हृदय मात्र आकुंचन पावते. ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पायाने दाबले तरी हवाच दबते आणि जोर चाकापर्यंत पोचत नाही. मग ब्रेकची हवा काढावी लागते. वैद्यकाच्या पुस्तकांतही बहुधा हेच स्पष्टीकरण असते.

घरी येऊन मी बॉइलचा नियम लावून पाहिला. हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात, म्हणजे उजव्या निलयात, १०० मिलिलिटर वायू भरला आहे असे समजा. हा कप्पा आकुंचन पावताना २५ मि.मी. पारा एवढा दाब निर्माण करतो. वातावरणाचा दाब ७६०. म्हणजे ७६० × १०० = ७८५ × नवे आकारमान. उत्तर येते ९६.८. अवघे तीन मिलिलिटर दबले! हृदय एका ठोक्याला ७० मिलिलिटरच्या आसपास रक्त ढकलते, त्यात तीनचा काय पाड? ब्रेकमध्ये दाब कितीतरी पट मोठा असतो, म्हणून तिथे हवा सपाट होते. तेव्हा गॅरेजचा दाखला माझ्यापेक्षा बरा, पण तोही एकटा पुरत नाही.

खरी अडवणूक पुढे, फुफ्फुसांत होते. उजव्या निलयातून निघालेले रक्त फुफ्फुसांच्या बारीक होत जाणाऱ्या वाहिन्यांत शिरते. बुडबुड्याला बारीक वाहिनीत घुसायचे तर पृष्ठताणावर मात करावी लागते. त्यासाठी लागणारा दाब म्हणजे पृष्ठताणाच्या दुपटीला त्रिज्येने भागणे. रक्ताचा पृष्ठताण मीटरला ०.०५५ न्यूटन आणि वाहिनीची त्रिज्या १० मायक्रोमीटर धरली, तर उत्तर येते ११,००० पास्कल, म्हणजे सुमारे ८० मि.मी. पारा. ढकलणाऱ्याजवळ आहेत फक्त २५! बुडबुडा तिथेच अडतो. त्याच्या मागे दुसरा, मध्ये रक्ताचा थेंब, पुन्हा बुडबुडा. बारीक नळीत अशी माळ झाली की ती ढकलणे फार कठीण होते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ जामँ यांनी एकोणिसाव्या शतकात काचेच्या नळ्यांत दाखवले होते. मागे उजव्या निलयात रक्त आणि गॅस घुसळून फेस होतो, निलय फुगतो, आणि डाव्या बाजूला पाठवायला रक्तच उरत नाही. रक्तदाब कोसळतो. गॅस थोडा असेल तर यातले काहीही न होता तो विरघळून जातो. तानसाहून मुंबईकडे जाणाऱ्या मोठ्या नळांवर उंचवट्याच्या जागी हवा सोडणारे व्हॉल्व्ह बसवतात. आपल्या शरीरात ते काम फुफ्फुसे करतात. पण त्यांनाही वेळ लागतो.

श्वासातली खूण

आता मुलीचा दुसरा प्रश्न. जागा माणूस सांगेल, ‘छातीत दुखते, श्वास कोंडतो.’ भूल दिलेला माणूस काय सांगणार?

त्याचा श्वास सांगतो. भूल दिलेल्या रुग्णाच्या श्वासनलिकेत एक नळी असते आणि यंत्र त्याला श्वास देते-घेते. बाहेर येणाऱ्या हवेतून एक अवरक्त किरणशलाका जाते. कार्बन डायऑक्साइडचे रेणू ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीची अवरक्त किरणे शोषून घेतात. किरणे जितकी कमी पोचतील, तितका वायू जास्त. वायू अवरक्त किरणे शोषतात हे जॉन टिंडल यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांत दाखवले. पृथ्वी तापते आहे तीही याच गुणामुळे. पुढे जर्मनीच्या कार्ल लुफ्ट यांनी वायू मोजणारे अवरक्त उपकरण तयार केले, त्याचेच वंशज आज शस्त्रक्रियागृहात आहेत.

या उपकरणाच्या पडद्यावर प्रत्येक श्वासाला एक आकृती उमटते. श्वास घेताना रेषा शून्यावर, सोडताना ती सरळ वर चढते, वर सपाट चालते आणि पुन्हा कोसळते. माळशेजच्या बाजूने सह्याद्री पाहिला आहे ना? सपाट माथ्याच्या, सारख्या उंचीच्या डोंगरांची रांग, अगदी तशी. माथ्याची उंची साधारण ३५ ते ४० मि.मी. पारा. फुफ्फुसांतून परतलेल्या रक्तात जितका कार्बन डायऑक्साइड असतो, जवळजवळ तितकाच.

आता एक कोडे घाला. शरीरात बाहेरून कार्बन डायऑक्साइड शिरला, तर बाहेर पडणाऱ्या श्वासात तो वाढेल की कमी होईल?

मी वर्गात विचारले तेव्हा सगळ्यांनी ‘वाढेल’ म्हणून हात वर केले. मीही तेच म्हणालो असतो. आणि गॅस थोडा थोडा विरघळत असेल तर तो खरेच थोडा वाढतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हे नेहमीचेच आहे. भूलतज्ज्ञ यंत्राचे श्वास थोडे वाढवून त्याचा हिशेब करतात. पण बुडबुड्यांनी वाट अडवली की आकडा एकदम खाली येतो.

असे का? फुफ्फुसांच्या तिसऱ्या हिश्शाकडे जाणारे रक्त अडले आहे असे समजा. यंत्र हवा मात्र सगळ्या फुफ्फुसांत भरते आहे. जिथे रक्त येते तिथली हवा कार्बन डायऑक्साइड घेऊन ३६ वर परतते. जिथे रक्तच येत नाही तिथली हवा जशी गेली तशी कोरी परत येते. दोन भाग ३६ ची आणि एक भाग शून्याची हवा मिसळली की आकडा येतो २४. दोन कप दुधाच्या चहात एक कप कोरा चहा ओतावा, तसे. आणि त्याच वेळी रोहिणीतले रक्त काढून तपासले तर त्यात कार्बन डायऑक्साइड वाढलेला सापडतो, कारण तो बाहेर पडू शकत नाही. श्वासात कमी, रक्तात जास्त. ही दरी रुंदावणे हीच बुडबुड्याची सही.

अर्थात आकडा पडला की बुडबुडाच, असे नाही. नळी निसटली तर डोंगर एका श्वासात सपाट मैदान होतो. खूप रक्त गेले, रक्ताची गुठळी फुफ्फुसात अडकली किंवा यंत्र फारच भराभर श्वास देऊ लागले तरी आकडा उतरतो. म्हणून भूलतज्ज्ञ एकट्या आकड्यावर विसंबत नाही. गॅस सोडल्यानंतर लगेच, किंवा एखाद्या नीलेजवळ काम चालू असताना, दोन-चार श्वासांत डोंगरांची टेकाडे झाली, त्यापाठोपाठ रक्तदाब घसरला आणि हृदयाचे ठोके बिघडले, तर तो बुडबुडा समजून कामाला लागतो. खात्री करायला वेळ नसतो. २०२० पासून घराघरांत पोचलेले, बोटाला लावून ऑक्सिजन मोजणारे यंत्र इथेही असते. पण ते उशिरा बोलते, कारण रक्तातील ऑक्सिजनचा साठा संपायला वेळ लागतो.

याहून तीक्ष्ण कानही आहेत. आसनगाव स्थानकातून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती लागते, तो डॉप्लर परिणाम. छातीवर ठेवलेले स्वनातीत ध्वनीचे उपकरण त्याच तत्त्वावर वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवते. रक्तातून बुडबुडे जाऊ लागले की तो एकसारखा सूर फाटतो आणि खरखर सुरू होते. अन्ननलिकेत नळी घालून मागून हृदयाचे ध्वनिचित्र घेतले, तर बुडबुडे पांढऱ्या ठिपक्यांसारखे प्रत्यक्ष दिसतात. हवेच्या बाबतीत ५० किलो वजनाच्या माणसात ध्वनिचित्राला १ मिलिलिटरही पुरतो, डॉप्लरला अडीच, आणि श्वासाच्या आकड्याला सुमारे २५. मग ध्वनिचित्रच सर्वांना का नाही? कारण ते यंत्र महाग, त्याला वेगळा जाणकार लागतो, आणि तोंडातूनच शस्त्रक्रिया चालू असेल तर आणखी एक नळी घालायची कुठे? श्वासाचा आकडा मात्र तेथे असतोच.

सर्वांत जुनी खूण म्हणजे नुसत्या स्टेथोस्कोपने ऐकू येणारी घुसळण. डॉक्टरांनी तिला पाणचक्कीचे नाव दिले. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिलेल्यांना ते नाव पटेल. मला विचाराल तर ताक घुसळल्याचा आवाज म्हणावे. तो ऐकू येईपर्यंत मात्र हृदयात पुष्कळ गॅस जमलेला असतो.

मग करतात काय? प्रथम गॅस बंद आणि आतला दाब मोकळा. गळ्याच्या नीला बाहेरून दाबून धरल्या की त्यांतला दाब वाढतो, रक्त बाहेर येऊ लागते आणि फुटलेली नीला कोणती हेही उघड होते. शुद्ध ऑक्सिजन सुरू होतो. रुग्णाला डोके खाली ठेवून डाव्या कुशीवर वळवतात. १९४७ मध्ये ड्युरंट आणि सहकाऱ्यांनी ही स्थिती सुचवली : उजवी बाजू वर येते, हलका गॅस तिथे तरंगतो आणि फुफ्फुसांकडे जाणारे तोंड खाली, रक्तात राहते. नंतरच्या काही प्रयोगांत तिचा लाभ तितका स्पष्ट दिसला नाही, तरी ती सांगितली जाते. हृदयाजवळच्या नीलेत नळी असेल तर गॅस ओढून काढण्याचा प्रयत्न करतात, आणि हृदय थांबलेच तर छाती दाबतात. छाती दाबल्याने रक्त फिरते आणि अडकलेला मोठा बुडबुडा फुटून पुढेही सरकतो. वेळेवर ओळखले, तर विरघळणारा वायू वापरल्याचा फायदा इथे मिळतो. काही मिनिटांत डोंगर पुन्हा उंच होऊ लागतात.

मावशीची शस्त्रक्रिया नीट पार पडली. गॅसचा काही त्रास झाला नाही. भाची दोन दिवस रुग्णालयात होती. तिने भूलतज्ज्ञांना गाठून विचारले, “श्वासातला कार्बन डायऑक्साइड कितीवर होता?” त्यांनी आधी तिच्याकडे नीट पाहिले आणि मग नोंदींचा कागद काढून दाखवला. पहिल्या अर्ध्या तासात ३५, पुढे हळूहळू चढत ३९, मग श्वास वाढवल्यावर पुन्हा ३६. परत आल्यावर तिने ते आकडे आलेखकागदावर काढले आणि मला विचारले, “सर, ३५ चे ३९ होताना किती गॅस विरघळला असेल, हे काढता येईल का?”

आम्ही अजून त्यावर काम करतो आहोत.